देवच बघेल तुझ्याकडे

दिवसभर खाडीकडून येणारा वारा दिवेलागणीला पडतो आणि तळोज्याच्या कारखान्यांचा उग्र वास हळूहळू आमच्या सुकापूरपर्यंत सरकत येतो. माघ-फाल्गुनात त्यात कुठूनतरी आंब्याच्या मोहोराचा वास मिसळलेला असतो. खिडकी उघडी ठेवावी की लावून घ्यावी, कळत नाही. दरवर्षी याच दिवसांत मी खिडकीशी अशी उभी राहते, हात कडीवर ठेवून.

गेल्या आठवड्यात चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड चढलं. लेंट आला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे हे चाळीस दिवस आमच्याकडे उपवासाचे आणि पश्चात्तापाचे. पश्चात्ताप हा शब्द या दिवसांत इतक्यांदा उच्चारला जातो, की नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो. मलाही तो तसाच तोंडपाठ होता. तीन वर्षांपूर्वीच्या लेंटपर्यंत.

पनवेलला तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारे, मृत्यूचे दाखले, घटस्फोटाचे अर्ज, इस्पितळाचे रिपोर्ट, सगळं मशीनच्या काचेवरून जातं. माणसं कागद उलटा धरून देतात, म्हणजे मी वाचू नये. मी वाचतेच, नजर जातेच. पण इतक्या वर्षांत कुणाच्या कागदातला एक शब्द माझ्या दुकानाबाहेर गेला नाही, याचा मला गर्व होता. गर्व हाच शब्द बरोबर आहे.

कमलमावशी माझी नात्यानं कुणी नाही. नगरकडची बाई. नवऱ्याला तळोज्याला काम लागलं म्हणून इकडे आली, आणि तो अचानक गेला तेव्हा मुलगा प्रवीण चौथीत होता. मग तिनं कामगारांचे डबे करायला घेतले. पहाटेपासून पोळ्या. मी लग्न होऊन चर्चच्या या मंडळीत आले तेव्हा पहिल्या रविवारी माझ्याशेजारी येऊन बसली ती हीच. गाण्यात पेटीच्या दोन पावलं पुढे धावायची, सुराची पर्वा नाही, आणि आख्खं चर्च तिच्यामागून फरफटत जायचं. माझं पहिलं बाळंतपण तिनं केलं. माझ्या आईनंही इतकं केलं नसतं.

प्रवीण मोठा झाला, तळोज्यातच एका कारखान्यात ऑपरेटर झाला. चांगला मुलगा. मग कधीतरी प्यायला लागला. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, भर दुपारी, दुसऱ्या पाळीला जाताना त्याची मोटारसायकल घसरून ट्रेलरखाली गेली. मातीच्या वेळी मावशी रडली नाही. लोक म्हणाले, विश्वासाची बाई आहे. ती पुढे सहा महिने रविवारी यायची, बसायची, पण गायची नाही. गाणी संथ झाली होती.

त्या जानेवारीत एके दुपारी मी तिच्याकडे गेले होते. सुकापूरला तिसऱ्या मजल्यावर तिची दोन खोल्यांची जागा. वालाच्या शेंगा सोलत आम्ही जमिनीवर बसलो होतो. शेंगेतून नजर न काढता ती बोलायला लागली.

"त्या दिवशी सकाळीच पिऊन आला होता. दुपारी निघताना म्हणला, डबा दे. मी म्हणाले, भरला नाही. इतकी वर्षं परक्यांचे भरले, तुझा भरणार नाही. जा. आता देवच बघेल तुझ्याकडे."

तिच्या हातातली शेंग फुटत नव्हती.

"हसला गं. म्हणाला, बघू दे. आणि गेला. साडेतीनला फोन आला."

मी काही बोलण्याआधी तिनं मान वर केली. "शालन, देवानं माझं ऐकलं का गं?"

मी तिला जवळ घेतलं. छे छे, देव असा नसतो मावशी, असं काहीतरी भराभर बोलले. तिला उत्तर नको होतं, मला मात्र ते देऊन टाकायची घाई होती. (ही गोष्ट मी तिला विचारून लिहितेय. "लिही," ती म्हणाली. "लोकांना अर्धी कळलीच आहे. आता नीट तरी कळू दे.")

लेंट लागला आणि प्रार्थनेची पहिली घरसभा आमच्याकडे ठरली. बारा-पंधरा बाया, दोन-तीन पुरुष, आणि चर्चचे नवे पाळकसाहेब. शिक्षण संपवून पहिल्याच नेमणुकीवर आलेला हा तिशीच्या आतला माणूस शास्त्रावर बोलायला लागला की मानेची शीर ताठ व्हायची. बायबलचं वचन वाचून झालं, आणि ते म्हणाले, "प्रार्थनेच्या विनंत्या सांगा." कुणी गुडघ्यांसाठी सांगितलं, कुणी मुलाच्या बारावीसाठी. मग मी म्हणाले, "आपल्यातल्या एका भगिनीच्या मनावर फार मोठं ओझं आहे." नाव घेतलं नाही. नंतर एकेक करून बाकी सगळं सांगितलं. डबा. देवच बघेल. साडेतीनचा फोन.

माझ्या आवाजात कळवळा होता. तो खोटा नव्हता, हे मला आजही सर्वांत जास्त टोचतं. बायांनी चुकचुकल्यासारखा आवाज केला, कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवला, आणि माझ्या अंगात एक ऊब पसरली. मला माहीत असलेली मोठी गोष्ट आता सगळ्यांच्या मध्ये ठेवलेली होती. मग आम्ही डोळे मिटले आणि प्रार्थना केली. प्रार्थना कसली, डोळे मिटून आम्ही तिला वाटून खाल्लं.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला विषय घेतला देवाचा क्रोध. पंखे खडखडत होते, ऊन रंगीत काचेतून समोरच्या बाकांवर पडलं होतं. मी अर्धवट ऐकत होते. मग कानावर आलं, "कधी कधी एखादी आई रागाच्या भरात लेकराला देवाच्या हवाली करते. आणि देव शब्द ऐकतो. म्हणून जिभेला भ्या. कोपाचं दार आपणच उघडतो."

कुणीही वळून पाहिलं नाही. एरवी मागे कुणाचं मूल रडलं तरी पन्नास माना वळतात. त्या क्षणी एकही वळली नाही, आणि त्यावरूनच कळलं की सगळ्यांना कळलंय.

कमलमावशी उठली. पिशवीत गाण्यांचं पुस्तक घातलं, चष्मा घातला. तिनं पाळकाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, कागद सुलटा आहे का बघायला लागतो तेवढाच. मग मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

त्यानंतरचे आठवडे मी कशी जगले ते आता नीट आठवतही नाही, आठवतात तुकडे. दुकानातून घरी येताना रिक्षावाल्याला मी लांबचा रस्ता सांगायचे, तिची इमारत लागू नये म्हणून. शिमगा आला, गावठाणात होळी पेटली, पोरं बोंबलत फिरली, आणि त्या बोंबांत मला माझंच नाव ऐकू यायचं. मग रमजान लागला. दुकानाशेजारचे खजूरवाले चाचा दिवसभर तोंडात पाणी न घालता गिऱ्हाईकाशी हसून बोलायचे. मी चहा सोडला होता, मटण-मासे सोडले होते, पहाटे उठून गुडघ्यावर बसून रडायचे. रडून झालं की हलकं वाटायचं. दुपारपर्यंत पुन्हा जड.

एके सकाळी नवऱ्यानं माझे सुजलेले डोळे बघितले. मनोहर मुळात कमी बोलतो. दाढी करता करता म्हणाला, "चाळीस दिवस चहा सोडलास. त्याचं मावशीला काय?"

मी चिडले. "तुला काय कळतंय? मी देवापुढे रडतेय."

"देव कुठं सुकापूरला राहतो? मावशी राहते."

आमच्या मराठी शास्त्रात, बायबलात, देवासाठी एक शब्द आहे, मंदक्रोध. लहानपणी मला त्याची फार भीती वाटायची. आई दूध मंद आचेवर ठेवायची, तसा देवाचा राग कुठंतरी बारीक जाळावर तासन् तास आटत असेल, दाट होत असेल, असं वाटायचं. रविवारच्या शाळेतल्या बाईंनी अर्थ सांगितला, की ज्याला लवकर राग येत नाही तो. तरी माझ्या डोक्यातलं पातेलं उतरलं नाही. त्या लेंटमध्ये ते परत चुलीवर चढलं. देव माझ्यावर कोपलाय, असं मी स्वतःला सांगायचे, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा आरामही होता. देवाचा कोप सोसणं सोपं असतं. तो दार उघडून समोर उभा राहत नाही.

उपवासाच्या पाचव्या आठवड्यात पाळकसाहेब दुकानात आले. ईस्टरआधीच्या दुःखसहनाच्या सप्ताहाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या प्रती काढायच्या होत्या. "सलाम, शालनताई," म्हणाले आणि कागद पुढे केला. मशीन तापत होतं. मी विचारलं, "मावशीवर का बोललात?"

त्यांचा चेहरा उतरला. "मी नाव घेतलं नाही."

"मीही घेतलं नव्हतं."

मशीनचा हिरवा प्रकाश सरकत होता, एकेक कागद बाहेर पडत होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, सत्य बोललं की ती मोकळी होईल. आमच्या घरी वडील असेच शिकवायचे. चुकलं की आधी देवाचा राग, मग बाकी सगळं. मी दोनदा गेलो होतो तिच्याकडे. दार उघडलं नाही."

"मी एकदाही गेले नाही," मी म्हणाले. ते वाक्य तोंडातून बाहेर आलं तेव्हाच मला त्याचा अर्थ कळला.

त्याच दुपारी शटर ओढलं आणि गेले. जिन्यात पाटी उतरवून एक मासेवाली बसली होती, गावातलीच. मला तिसऱ्या मजल्याकडे बघताना पाहून म्हणाली, "मावशी घरान हाय, पन दार नाय उघडायची. माजंबी नाय उघडीत आता."

मी बेल वाजवली. आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं बंदच राहिलं. जाळीतून मावशीचा चेहरा चौकोनाचौकोनांत दिसत होता. बारीक झाली होती.

"काय पाहिजे?"

"मावशी, ती गोष्ट मी सांगितली. घरसभेत."

"माहितीय. दुसऱ्या कुणाला मी बोललेच नव्हते."

"माझं चुकलं."

"चुकलं?" तिचा आवाज चढला. खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला. "दहा जणींत बसून गप्पा मारल्या असत्या ना, तर मी समजले असते. बाईची जात, जीभ घसरते. देवाला कशाला मध्ये घेतलंस? माझ्या लेकराचं मरण तुला विनंतीला मिळालं?"

मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नकोस. तू रडलीस की मला तुझी समजूत काढावी लागेल. तेवढी ताकद नाही माझ्यात." आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी बेल न वाजवता पायरीवर बसून राहिले, अर्ध्या तासानं उठून आले. क्षमा मिळेल अशी आशा संपत चालली होती, आणि गंमत म्हणजे जाणं त्यामुळे सोपं झालं होतं. मला तिच्याकडून काही न्यायचं नव्हतं. ती चिडलेली आहे आणि मला ते माहीत आहे, एवढंच तिला रोज कळावं, म्हणून जायचं.

दुःखसहनाच्या सप्ताहाच्या सुरुवातीला, झावळ्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारी, जाळीचं दार उघडलं. "ये," ती म्हणाली. पाणी दिलं. समोर बसली. मग बोलायला लागली.

"त्या दिवशी भाजी झालेली होती. भेंडी. पोळ्याही झाल्या होत्या. भरता भरता हात थांबवला मी. तो गेला, आणि मला वाटलं, आता मी जेवते निवांत. ताट घेतलं. घास उतरेना. त्याला उपाशी पाठवून मला कसा उतरेल? फोन आला तेव्हा ताट तसंच होतं." ती भिंतीकडे बघत होती. "राग होता माझा. खरा राग होता, खोटं बोलत नाही. पण उपाशी मीही होते."

मी काही बोलले नाही. या वेळी जमलं.

"त्या पाळकाला काय माहीत राग म्हणजे काय असतो. ज्याचं कुणी नाही त्याला रागच येत नाही, शालन. रस्त्यावरच्या दारुड्याचा मला कधी राग आला नाही. देवाला राग येत असेल तर असाच येत असेल. ताट वाढून, न जेवता बसलेला. नाहीतर मला तो देव नको."

मग उठून तिनं माझा पेला घेतला. पाठमोरी असतानाच म्हणाली, "आणि तू. जिथं सांगितलंस, तिथंच सांग."

म्हणजे मंडळीपुढे. ते चार दिवस मला झोप नव्हती. तीस वर्षं ओळखणारी माणसं, माझ्या दुकानात विश्वासानं कागद आणणारी. मी पाळकसाहेबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आधी मी बोलतो. मी वरून बोललो होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. क्रुसावरून प्रभूनं काढलेले सात उद्गार, प्रत्येकावर एकेक जण बोलतो. बाहेर ऊन रणरणत होतं, आत घामाचा आणि कापराचा वास, पांढऱ्या साड्या, वहीनं वारा घेणाऱ्या म्हाताऱ्या. चौथा उद्गार पाळकसाहेबांकडे होता, देवानं आपल्याला का टाकलं असं येशू देवालाच विचारतो तो. ते व्यासपीठावरून खाली उतरले आणि बाकांच्या पातळीवर उभे राहिले.

"या लेंटमध्ये मी देवाच्या रागावर बोललो," ते म्हणाले. "मला माहीत नसलेली गोष्ट मी देवाच्या नावानं सांगितली. एका आईच्या जखमेवर मी वचन ठेवलं, दगड ठेवावा तसं. देवाच्या दुःखाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी पाप केलंय. मला क्षमा करा." पहिल्या बाकावरच्या एका वडीलधाऱ्या सभासदानं नापसंतीनं घसा खाकरला. पाळकानं असं बोलू नये, असं त्यांचं नंतरही म्हणणं होतं.

मी उठले. दोन वाक्यं बोलले. "ती गोष्ट माझ्याकडे विश्वासानं दिलेली होती. प्रार्थनेचं नाव करून ती मी फोडली." पुढचं पाठ केलेलं सगळं विसरले आणि खाली बसले. कुणी माझ्या हातावर हात ठेवला नाही.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला. कमलमावशी कधी येऊन बसली होती, मला दिसलं नव्हतं. ती उभी होती, डोळे उघडे, मान वर.

"देवा, मी तुझ्यावर रागावलेय," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी. "माझा एकच होता. मी त्याला तुझ्याकडे बघायला सांगितलं होतं, घेऊन जायला नव्हतं सांगितलं. मला उत्तर पाहिजे. तोवर माझा राग जाणार नाही. पण घरी बसून रागावण्यापेक्षा इथं येऊन रागावते. एवढंच."

आणि बसली. आमेन म्हणायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी पाळकसाहेब आमेन म्हणाले.

सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पाळकसाहेबांची पुढच्याच वर्षी बदली झाली. निरोपाला मावशी गेली नाही. माझ्याशी तिनं बोलणं टाकलं नाही, पण ते "सलाम", "कशी आहेस", "बरी आहे" एवढ्यावर येऊन थांबलं. तिच्या ताप-खोकल्याची बातमी मला इतरांकडून कळायची. दोन वर्षांनी ती परत गायला लागली, पेटीच्या पुढे धावत. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. माझ्या चुकीची किंमत एवढीच नेमकी होती. या बाईच्या मनात मला पूर्वी एक खोली होती, आता मी ओसरीवर होते. देवानं क्षमा केली, यावर माझा विश्वास आहे. पण देवाची क्षमा हातात घेऊन माणसाच्या दारावर धडका द्यायच्या नसतात, इतकं मला त्या जिन्यानं शिकवलं. घरसभेत विनंत्या विचारल्या की आता मी माझ्याच सांगते. पुष्कळ निघतात.

परवा, या लेंटच्या पहिल्या शनिवारी, भर दुपारी मावशी दुकानात आली. आधार कार्डाची झेरॉक्स काढायची होती. पदरानं घाम पुसत उभी राहिली. काढून दिली तरी जाईना. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली. मग स्टुल ओढून बसली आणि म्हणाली, "शालन, ते मशीन बंद कर जरा."

मी बंद केलं. ती दहा-पंधरा मिनिटं बोलली. प्रवीणबद्दल नव्हतं, तिच्या स्वतःबद्दल होतं. मग उठली, पिशवी खांद्याला लावली आणि उन्हात चालत गेली.

ती काय बोलली ते मी मनोहरलाही सांगितलेलं नाही. कालच्या घरसभेत विनंत्या विचारल्या, तेव्हा ते माझ्या ओठांवर आलं होतं, मी गिळलं. रात्री एकटी गुडघ्यावर बसले तेव्हाही बोलले नाही. देवाला काय सांगायचं ते तिचं ती सांगेल.